थैलीतली बाळंतखोली

संपादकांनी या अंकासाठी एकच शब्द दिला होता: पिशवी. बाजाराची, दप्तराची, वारीची अशा सगळ्या पिशव्या मनात येऊन गेल्या आणि शेवटी उरली ती माझ्या बाळंतपणाच्या वेळी आईने दारामागच्या खुंटीला अडकवून ठेवलेली. तिला कुणी हात लावला की आई ओरडायची. तिच्यात काय आहे ते मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं. दवाखान्यात गरज पडेल तसतशी एकेक वस्तू तिच्यातून निघत गेली. माझ्या आधी कितीतरी बाळंतपणं उरकलेल्या कुणीतरी ती भरली असावी, असं वाटण्याइतका तिचा अंदाज अचूक होता.

अशी पिशवी आज कोण भरतं, हे पाहायला ऑगस्टच्या उत्तरार्धात भंडारा जिल्ह्यात गेले. इकडे पिशवीला थैली म्हणतात.

लाखांदूर तालुक्यातलं मी गेले ते घर भाताच्या बांध्यांच्या अगदी कडेला होतं. रोवणी उरकत आलेली, तरी घरातली धडधाकट माणसं अजून चिखलातच होती. घरी होत्या फक्त आजी आणि त्यांची नात. नात पहिलटकरीण, सातव्या महिन्यानंतर माहेरी आलेली. मी कशाला आलेय हे कळल्यावर आजींनी आधी मला नीट न्याहाळलं, मग खाटेखालून थैली ओढली. तांदळाच्या रिकाम्या पोत्याची शिवलेली, वर चेन लावलेली. त्या एकेक वस्तू काढून खाटेवर मांडत गेल्या: त्यांच्याच जुन्या लुगड्याचे चार मोठे तुकडे, लंगोटांची चवड, दोन टोपरी, पुढून बटणं असलेले दोन गाऊन, पॅडचं पाकीट आणि त्यावर भरवसा नाही म्हणून शेजारी घडी केलेल्या सुती चिंध्या, स्टीलचा तांब्या, ताट, चमचा, साबण, खोबरेल तेल, फणी, चपला, टॉर्च, मोबाइलचा चार्जर. तळाशी एक गाठोडी. तिच्यात ओवा, सुंठ आणि चोच असलेलं छोटं पितळी बोंडलं.

यातलं काहीच नवं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाल्या, "नवं कायले न्याचं? नवा कपडा लेकराले टोचते." खरं कारण त्यांनी नंतर, नात आत गेल्यावर सांगितलं. मूल हातात येण्याआधी त्याच्या नावाने नवं काही आणू नये. लुगड्याचा एक तुकडा तर शेजारच्या घरातून मागून आणलेला होता. त्या घरची तिन्ही मुलं धडधाकट आहेत.

खोली होती, तिची थैली झाली

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं की २००५-०६ मध्ये महाराष्ट्रातली शंभरातली सुमारे ६५ बाळंतपणं दवाखान्यात होत होती. २०१९-२१ मध्ये हा आकडा ९५ च्या जवळ गेला. पंधरा वर्षांत बाळंतपण घरातून उठून दवाखान्यात गेलं. आजींची स्वतःची सगळी बाळंतपणं त्याच घरातल्या एका खोलीत झाली होती. खोली त्यांनी दाखवली, आता तिथे धानाच्या चुंगड्या रचलेल्या आहेत.

ती खोली म्हणजे नुसत्या चार भिंती नव्हत्या. दाराला पडदा, खिडकीला चिंधी, खाटेखाली शेगडी, ओव्याची आणि वेखंडाची धुरी, कोपऱ्यात पाण्याचा हंडा, हाताशी गुटीची सहाण. वारा बंद, परकं माणूस बंद, काम बंद. त्यातलं काय चूक आणि काय बरोबर यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला आजींच्या हातांकडे पाहताना दिसत होतं ते एवढंच की त्यांनी ती खोली घडी घालून थैलीत बसवायचा प्रयत्न केला होता. काही वस्तू बसल्या, काही बसणार नव्हत्या.

लुगड्याचे तुकडे बसले, आणि ते अगदी योग्य ठिकाणी बसले. बाळ जन्मतं तेव्हा ओलं असतं. पोटातल्या उबेतून ते एकदम खोलीच्या हवेत येतं आणि अंगावरचं पाणी सुकता सुकता त्याच्या अंगातली ऊब घेऊन जातं. बाळाचं तापमान ३६.५ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की ते दूध ओढायला कंटाळतं, मग आणखी गार पडतं. म्हणून सिस्टर दोन कपडे मागतात: एक पुसायला, दुसरा गुंडाळायला. पुसलेला ओला कपडा बाजूला टाकायचा, त्यातच बाळ गुंडाळायचं नाही. कपडा सुती, धुऊन कडक उन्हात वाळवलेला आणि मऊ हवा. दुकानातल्या झालरवाल्या, खळीच्या कापडापेक्षा वीस वर्षं धुतलेलं लुगडं या कामाला केव्हाही सरस. आजींच्या मनात होती ती दृष्ट लागायची भीती, पण सिस्टरला हवं तेच त्यांनी नेमकं काढून ठेवलं होतं. टोपरंही तसंच. बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं आणि तिथूनच पुष्कळ ऊब निघून जाते.

शेगडी बसली नाही. वॉर्डात विस्तव कसा न्यायचा? आणि आता डॉक्टर घरीही तो नको म्हणतात, कारण धूर बाळाच्या छातीत जातो. त्याऐवजी बाळाला उघडं करून आईच्या उघड्या छातीवर ठेवतात आणि दोघांवर मिळून पांघरूण घालतात. हा प्रकार आजींना आधी विचित्र वाटला. मग म्हणाल्या, थंडीत बकरीचं पिलू तसंच तर निजतं.

बोंडल्याची गोष्ट मात्र मला फार आवडली. भंडारा हे पितळेच्या भांड्यांचं शहर, तेव्हा घरोघरी एखादं बोंडलं सापडतंच. आजींना त्यातून बाळाला आधी गुळाचं पाणी पाजायचं होतं, पहिला चीक पिळून टाकायचा होता. दवाखान्यात याला ठाम नकार. पहिल्या तासात बाळ छातीशी, तो पिवळा घट्ट चीक हीच त्याची पहिली लस, मध नाही, गूळ नाही, पाणीसुद्धा नाही. म्हणजे बोंडलं घरीच ठेवायचं. पण बाळ कमी दिवसांचं असेल, त्याला ओढायची ताकद नसेल, तर नवजात कक्षातल्या सिस्टर आईचं दूध काढून अशाच चोचीच्या छोट्या भांड्याने पाजतात. त्यांचं भांडं स्टीलचं आणि उकळलेलं असतं, घडण तीच. बाटली मात्र त्याही वापरत नाहीत. भांडं धुणं सोपं, बाटलीच्या बुचात घाण अडकते. आजींचं बोंडलं शेवटी घरी राहिलं, पण माझ्या समोर त्यांनी ते दोनदा काढलं आणि दोनदा परत ठेवलं.

कागदांचा विडा

पूर्वी बाळंतविड्यात कुंची-दुपटी असत. आता त्यात एक प्लॅस्टिकची पिशवीही असते, आणि घरातली माणसं सगळ्यात जास्त घाबरतात ती ही विसरण्याला. आत माता व बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे कागद, रक्ताचे रिपोर्ट, आधार कार्डाच्या झेरॉक्स, बँकेचं पासबुक.

हे सोपं वाटतं, पण पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत इथे अजून पक्की आहे, आणि सरकारी नोंद मात्र सासरच्या उपकेंद्रात झालेली असते. एका गावच्या आशाताईने गोळ्या दिल्या, सुया टोचायला नेलं. आठव्या महिन्यात पोरगी दुसऱ्या तालुक्यात निघून गेली. आता ती दुसऱ्या आशाताईची. दोघींना जोडणारा धागा म्हणजे ते कार्ड. त्यावर तिचं वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, रक्तगट, आधीचा त्रास असं सगळं असतं. रात्री दोन वाजता कळा घेऊन आलेल्या बाईकडे कार्ड नसेल, तर ड्यूटीवरच्या सिस्टरला तिची सगळी गर्भावस्था शून्यातून विचारावी लागते, आणि उत्तरं द्यायच्या स्थितीत ती नसते.

आणि मग नाव. आधारवर माहेरचं, कार्डावर सासरचं, पासबुकात तिसरंच, तेही एखादं अक्षर इकडचं तिकडे होऊन. जननी सुरक्षा योजना २००५ ची. दारिद्र्यरेषेखालच्या किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या बाईला सरकारी दवाखान्यात बाळंत झाल्यावर महाराष्ट्रात ग्रामीण भागात ७०० रुपये मिळतात. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये, हप्त्यांनी. पैसे खात्यात येतात, आणि खात्यातलं नाव आधारशी जुळलं नाही की अडकतात. एका आशाताईने मला सांगितलं की लग्न ठरल्याचं कळलं की ती आताशा आधी पासबुकाचीच चौकशी करते. मला हसू आलं, तिला आलं नाही.

२०११ च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाने सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, गरज पडल्यास सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि जाण्या-येण्याची गाडी हे सगळं मोफत केलं. थैलीत पैसे तरीही असतातच, लुगड्याच्या घडीत, गाठ मारून. ते कशाकशाला लागतात याची यादी प्रत्येक घराची वेगळी, आणि ती कुणी मोठ्याने वाचून दाखवत नाही.

तारीख आणि रोवणी

कार्डावर अपेक्षित तारीख लिहिलेली असते आणि घरातले सगळे तिच्याकडे कोर्टाची तारीख असल्यासारखं पाहतात. प्रत्यक्षात त्याच दिवशी बाळंत होणाऱ्या बायका वीसात एखादी. ३७ ते ४२ आठवड्यांत केव्हाही कळा सुरू होऊ शकतात. शेवटची पाळी कधी आली ते नक्की आठवत नसेल तर हिशेब आणखी सैल. अनेकींना ती सणाने आठवते: पोळ्याच्या आधी, होळीच्या नंतर.

या भाताच्या मुलखात बाळंतपणाला आणखी एक पंचांग लागतं. जुलै-ऑगस्टमध्ये पऱ्हे उपटून बांध्यांत रोवायची घाई असते, गावातले सगळे हात चिखलात असतात. दिवाळीच्या आसपास कापणी. या दोन हंगामांत तारीख आली की सोबत जायला माणूस मिळत नाही आणि गाडीवाला शेतात असतो. जाणत्या आज्या सातव्या महिन्यातच बोटं मोजून ठेवतात.

गाडीची तयारी म्हणजे नंबरांची तयारी. १०२ ही गर्भवतीला आणायची-सोडायची गाडी, १०८ तातडीची. त्याखेरीज गावातल्या एखाद्या चारचाकीवाल्याचा नंबर, कारण मधल्या पट्ट्यात रेंज नसली की सरकारी नंबर लागत नाही. आशाताईंनी हे नंबर भिंतीवर कोळशाने लिहायला लावले होते. मोबाइलची बॅटरी संपते, भिंत कुठे जात नाही.

निघायचं कधी, हा खरा पेच. पहिलटकरणीला खऱ्या कळा लागल्यापासून बाळ येईपर्यंत बारा तास सहज लागतात, कधी जास्त. लवकर पोचलं तर "अजून वेळ आहे" ऐकावं लागतं, आणि तीस किलोमीटर मागे परत कोण जाणार? मग बाई दवाखान्याच्या ओट्यावर येरझारा घालत राहते. उशीर झाला तर वाटेतच. शहाणा हिशेब असा: कळा ठरावीक अंतराने, पाच-पाच मिनिटांनी येऊ लागल्या की निघायचं, पण पाणी गेलं, रक्त दिसलं, बाळ हलायचं कमी झालं, डोकं फुटल्यासारखं दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर कळांची वाटच पाहायची नाही. बाळंतपणातल्या मृत्यूंचा अभ्यास करणारे तीन उशिरांबद्दल बोलतात: घरून निघायचं ठरवण्यातला, वाटेतला आणि पोचल्यावर उपचार मिळण्यातला. पहिला उशीर बहुतेकदा असा असतो की ठरवणारा माणूस बांधीत असतो.

दुसरा उशीर इथे नदीच्या हाती असतो. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला आलेला पूर इथली माणसं अजून विसरलेली नाहीत. मध्य प्रदेशातल्या पावसाचं आणि धरणांतून सोडलेलं पाणी एकदम आलं, भंडारा शहरात घुसलं, रस्ते तुटले. तेव्हापासून नदीकाठच्या गावांत पावसाळ्यातली तारीख असली की पोरीला आठ दिवस आधीच रस्त्यावरच्या गावातल्या नातेवाइकाकडे ठेवतात. लाखांदूरकडच्यांना तर जिल्ह्याच्या ठिकाणापेक्षा पलीकडचं ब्रह्मपुरी जवळ. जिल्हा बदलतो, पण कळा सुरू झालेल्या बाईला सरहद्दीशी काय करायचं?

आणि एक शब्द, जो ऐकला की घर हादरतं: रेफर. प्राथमिक केंद्रातून ग्रामीण रुग्णालयात, तिथून तुमसर किंवा साकोलीच्या उपजिल्हा रुग्णालयात, नाहीतर भंडाऱ्याला, आणि तिथूनही पुढे साठेक किलोमीटरवर नागपूरला. आजींनी मला तीनदा विचारलं, "नागपूरले त नाही पाठवतीन ना?" त्यांच्या लेखी नागपूरला पाठवणं म्हणजे आशा सोडणं. कारण मी समजावून पाहिलं: पूर्व विदर्भात सिकलसेल पुष्कळ आहे, आजार असलेल्या बाईचं बाळंतपण छोट्या केंद्रात करणं धोक्याचं, आणि हिमोग्लोबिन ७ च्या खाली असलेली बाई थोड्या रक्तस्रावानेही जाऊ शकते. अशांना मोठ्या दवाखान्यात पाठवायचं ते आधीच ठरवून, कळा सुरू झाल्यावर गडबडीत नव्हे. नातीचं सिकलसेल निगेटिव्ह होतं, हिमोग्लोबिन १० च्या वर. तरी तिच्या गटाचं रक्त द्यायला तयार असलेल्या दोन पोरांची नावं आशाताईने लिहून घेतलीच होती. सामानातली ही एकच गोष्ट थैलीत मावणारी नव्हती.

सोबत कोण

दुसऱ्या एका तालुक्यातल्या ग्रामीण रुग्णालयाच्या प्रसूती वॉर्डात मी एक संध्याकाळ बसले. खाटांवर बाळंतिणी, आणि प्रत्येक खाटेखाली चटई. खरा वॉर्ड त्या चटयांवर होता. आया, सासवा, मावश्या, एखादी थोरली जाऊ. बाळंतिणीला दवाखान्याचं जेवण मिळतं, साध्या बाळंतपणाला तीन दिवस आणि सिझेरियनला सात दिवसांपर्यंत. सोबतिणीला नाही. ती डब्यावर, नाहीतर उरलेल्यावर. थैली भरताना हिच्यासाठी काही ठेवायचं कुणाच्याच लक्षात येत नाही. एक बाई स्वतःची रक्तदाबाची गोळी घरी विसरली होती आणि तिने दोन रात्री तशाच काढल्या. चादर, एक लुगडं, फुटाणे आणि स्वतःची औषधं: सोबतिणीच्या थैलीचं हे सामान मी त्या रात्री वहीत लिहून घेतलं.

केंद्र सरकारच्या २०१७ च्या 'लक्ष्य' कार्यक्रमात बाईच्या पसंतीची एक सोबतीण प्रसूतीच्या खोलीतही असावी असं म्हटलं आहे. कुठे तिला आत घेतात, कुठे दाराशीच थांबवतात. पुरुष बहुतेक बाहेर, पिंपळाखाली किंवा मोटारसायकलवर. त्यांचं काम धावपळीचं: चहा, झेरॉक्स, औषधाची चिठ्ठी. एक तरुण बाप मला विचारत होता, आत मी नेमकं काय करू शकतो? दाराकडे पाहून तो स्वतःच म्हणाला, "जाऊ द्या, आई हाये."

आईच असते. खोली गेली, सुईण गेली, पण रात्री तीनला लघवीला नेणारा, पाठ चोळणारा, बाळ रडलं की उठणारा हात तोच आहे. फरक इतकाच की पूर्वी तो स्वतःच्या घरात होता, आता चटईवर.

नऊ जानेवारी

भंडाऱ्यात कुठल्याही घरी नवजात कक्षाचा विषय निघाला की आवाज खाली येतो. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या विशेष नवजात काळजी कक्षात आग लागली. आत सतरा बाळं होती. सातांना बाहेर काढता आलं, दहा गेली. त्यांच्या आयांना ती रात्र वेगळ्या खोलीत काढावी लागली होती, कारण त्या कक्षात बाळाजवळ झोपायची सोय नसते.

हे मी इथे लिहू की नको, यावर खूप विचार केला. पण इथली आजी थैली भरताना हे मनात ठेवूनच भरते. "काचेत ठेवतीन का?" हा प्रश्न तिच्या तोंडून सहज येत नाही. ज्या बाळांचं वजन १.८ किलोपेक्षा कमी असतं, किंवा जी नीट श्वास घेत नाहीत, त्यांना वाचवायला अशा कक्षाइतकं दुसरं काही नाही, हे आशाताईही जाणतात आणि घरोघरी सांगतात. ऐकणारी बाई मान हलवते. मग विचारते, रात्री तिथं कोण असते?

परतीची वाट

साध्या बाळंतपणानंतर निदान ४८ तास ठेवावं असा नियम. त्या दोन दिवसांत बाळाला बीसीजी, पोलिओचा शून्य डोस, कावीळ-ब ची लस आणि व्हिटॅमिन केचं इंजेक्शन. जन्माची नोंद २१ दिवसांत फुकट होते, आणि इथे पुन्हा ते नावांचं त्रांगडं उभं राहतं. बाळाचं नाव ठरायला बारसं लागतं, पण आई-बापाची नावं तिथल्या तिथे अचूक लिहून घ्यावी लागतात. एक अक्षर चुकलं तर शाळेच्या दाखल्यापर्यंत ते बाळाच्या मागे लागतं.

घरी गेल्यावर आशाताई यायला लागतात, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. बाळाचं वजन, ताप, नाळ, बाईचं रक्त जाणं. ही पद्धत जवळच्याच गडचिरोलीतून देशभर गेली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथल्या गावांत बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं, आणि त्या गावांतला नवजात मृत्यूदर सुमारे ६० टक्क्यांनी घटला. १९९९ मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. दवाखान्यात गेलेली बाळंतखोली तिसऱ्या दिवसापासून अशी थोडी थोडी घरी परत येते. आता खाटेखाली विस्तव नसतो, उशाशी आशाताईचा वजनकाटा असतो.

सिझेरियन झालं तर पाचवीची रात्र वॉर्डातच येते. सटवाई त्या रात्री येऊन बाळाच्या कपाळी लिहिते म्हणतात, म्हणून तिच्यासाठी कोरा कागद आणि लेखणी ठेवायची रीत. वॉर्डातल्या एका मावशींनी उशीखाली केसपेपरची कोरी पाठ वर करून ठेवली होती, त्यावर सिस्टरकडून मागून घेतलेला बॉलपेन. सकाळी राउंडला डॉक्टरांनी तोच कागद उचलला आणि उलटून त्यावर डिस्चार्जची तारीख लिहिली. पेन खिशाला लावून ते पुढच्या खाटेकडे गेले. मावशी त्या पेनाकडे बघत राहिल्या, मागायचं धाडस त्यांना झालं नाही.

लाखांदूरच्या त्या नातीला मुलगी झाली, मी भंडाऱ्याहून परतल्यावर नऊ दिवसांनी. आशाताईचा फोन आला. दोघी बऱ्या आहेत, वजन २ किलो ७०० ग्रॅम, नागपूर लागलं नाही. थैलीचं काय झालं, मी विचारलं. धुऊन वाळत घातली आहे, ती म्हणाली; पुढच्या गल्लीतल्या सुनेची तारीख दिवाळीची आहे, कापणीच्या ऐन धामधुमीत, तेव्हा आजींनी लुगड्याचे तुकडे तिच्यासाठी वेगळे काढले आहेत. आणि बोंडलं? ते अजून आजींच्याच उशाला आहे.